विद्यार्थी साहाय्यसेवा (महाराष्ट्रातील विद्यापीठे)

आर्थिक ओढाताण, मानसिक ताण, आजारपण, छळ, भेदभाव किंवा घरची अडचण यांमुळे विद्यार्थ्याचे शिक्षण तुटू नये म्हणून विद्यापीठे, महाविद्यालये, शासन व स्वयंसेवी संस्थांनी उभारलेली व्यवस्था. वसतिगृहे, निर्वाहभत्ता, ‘कमवा व शिका’ योजना, समुपदेशन, तक्रारनिवारण आणि हेल्पलाइन हे तिचे प्रमुख घटक होत.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात या साहाय्याचा आरंभ राहण्या-जेवण्याच्या सोयीपासून झाला. राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. पुढे तेथे विविध जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्याच्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र ठेवली. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेने १९४७ मध्ये साताऱ्यात काढलेल्या महाविद्यालयात श्रम करून शिकण्याची पद्धत रुजली आणि ‘कमवा व शिका’ हे शब्द घरोघरी पोचले. पुण्यात १९५५ मध्ये अच्युतराव आपटे यांनी स्थापलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने खेड्यांतून आलेल्या गरजू मुलामुलींना निवासाबरोबर स्वावलंबनाची शिस्तही दिली.

आर्थिक साहाय्य : ‘कमवा व शिका’ योजनेत विद्यार्थी ग्रंथालय, कार्यालय, बाग अशा ठिकाणी काही तास काम करून मानधन मिळवतात. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी विकास मंडळाची तरतूद असून अनेक विद्यापीठांत या योजनेचे काम त्या मंडळाकडे असते. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी निर्वाहभत्ता देणारी स्वाधार योजना आहे. भत्ता मंजूर होणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो वेळेवर हाती पडणेही. कारण खानावळीचे पैसे आणि खोलीभाडे दर महिन्याला द्यावे लागते.

समुपदेशन : समुपदेशक विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून घेतो, अडचण सुटी करून पाहण्यास मदत करतो आणि गरज भासल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. संभाषणाची गुप्तता हा या सेवेचा पाया आहे. जिवाला धोका दिसल्यास मात्र सुरक्षिततेसाठी इतरांची मदत घेतली जाते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये ‘आयकॉल’ ही दूरध्वनी समुपदेशन सेवा सुरू केली. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते.

कायदेशीर चौकट : महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला, विद्यापीठ अनुदान आयोगाचे याविषयीचे विनियम २००९ मध्ये आले. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक उपचार मिळण्याचा हक्क मान्य केला. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची दखल घेत सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमण्यास सांगितले.

मूल्यमापन : विद्यार्थ्याच्या अडचणी एकमेकींत गुंतलेल्या असतात. शुल्क थकले की परीक्षेची धास्ती वाढते, जातीवरून टोमणे ऐकणारा मुलगा वर्गाला यायचे टाळतो, घरी कर्ज असलेली मुलगी आजार अंगावर काढते. म्हणून समुपदेशन केंद्र, वसतिगृह अधीक्षक, शिष्यवृत्ती विभाग आणि तक्रार समिती यांनी परस्परांच्या संपर्कात राहणे अत्यावश्यक आहे. अडचण बहुधा आधी खोलीतल्या मित्राला कळते. त्याला आणि वर्गशिक्षकाला ती पुढे कोणाकडे न्यायची हे ठाऊक असले पाहिजे. मदत मागणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे आणि ती त्याच्या भाषेत, सन्मानाने व वेळेत पोचवणे ही संस्थेची जबाबदारी आहे.