राज्यावाचून नगरपालिका

नववीच्या वर्गात नागरिकशास्त्राचा पाठ चालला असता एका विद्यार्थ्याने मला विचारले, ‘‘सर, ज्या लोकांना स्वतःचे राज्यच नाही, त्यांच्या गावची नगरपालिका कोणाची?’’ पाठ्यपुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. स्थानिक स्वराज्य ही राज्यरूपी वृक्षाची खालची फांदी, असे आपण मुलांना शिकवितो. पण वृक्षच नसेल, तर फांदी कशाच्या आधारे उभी राहावी? पॅलेस्टाइनमधील अरबांच्या नगरपालिकांचा इतिहास म्हणजे या एकाच प्रश्नाचा दीड शतकाचा इतिहास होय.

या संस्थांचा उगम तुर्की अमलात झाला. ऑटोमन सरकारने १८६४ साली प्रांतिक कारभाराचा आणि १८७७ साली नगरपालिकांचा कायदा केला. मताचा हक्क अर्थातच मालमत्ता असणाऱ्या पुरुषांपुरता होता, आणि अध्यक्षपद हुसैनी, खालिदी अशा मातब्बर घराण्यांत फिरत असे. तरीही या पदाचे एक निराळेच मोल १९१७ च्या डिसेंबरात प्रत्ययास आले. इंग्रजी फौजा जेरुसलेमच्या वेशीवर येताच तुर्की अधिकारी शहर सोडून गेले. मागे उरले ते नगराध्यक्ष हुसैन अल-हुसैनी. पांढरे निशाण घेऊन वेशीबाहेर जाण्याचे आणि शहर स्वाधीन करण्याचे काम ९ डिसेंबर रोजी त्यांच्याकडेच आले. सल्तनत निघून गेली, नगराध्यक्ष मात्र जागेवर राहिला. या देशाच्या पुढील इतिहासाचे सूत्रच जणू त्या दिवशी ठरले.

इंग्रजी अमलात देशासाठी निवडलेले विधिमंडळ कधीच अस्तित्वात आले नाही. योजना झाली, पण १९२३ सालच्या निवडणुकीवर अरबांनी बहिष्कार घातला. तेव्हा मतपेटीला वाट उरली ती नगरपालिकेचीच. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर आपल्याकडेही राजकारणाचे पहिले धडे नगरपालिकांतूनच गिरविले गेले, हे आपणांस ठाऊक आहेच. फरक इतकाच की, आपल्याला त्या पायरीवरून पुढची पायरी चढावयास मिळाली. पॅलेस्टाइनमध्ये १९३४ साली नगरपालिकांचा नवा कायदा झाला आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत हुसैन अल-खालिदी यांनी जेरुसलेमचे दीर्घकाळचे अध्यक्ष राघिब अल-नशाशिबी यांचा पराभव केला. परंतु अरबांचा उठाव भडकताच, १९३७ साली इंग्रज सरकारने याच खालिदींना हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर हद्दपार केले.

१९४८ च्या युद्धात लक्षावधी अरब निर्वासित झाले. यार्देनच्या पश्चिम तीरावर जॉर्डनचा अंमल आला, तर गाझा इजिप्तकडे गेला. जॉर्डनने १९५५ साली नगरपालिकांचा कायदा केला. पण स्त्रियांस आणि कर न भरणाऱ्या गरिबांस मत नव्हतेच. १९६७ च्या युद्धानंतर हे दोन्ही मुलूख इस्रायली लष्कराच्या ताब्यात गेले. पूर्व जेरुसलेमची अरब नगरपालिका बरखास्त झाली. तिचे अध्यक्ष रूही अल-खतीब यांस १९६८ साली सीमेपार धाडण्यात आले. तेव्हापासून तेथील बहुसंख्य अरब रहिवासी इस्रायली नगरपालिकेच्या निवडणुकीत मतच देत नाहीत. मत दिले तर कब्जा मान्य केल्यासारखे होते आणि न दिले तर रस्ता, शाळा, गटार यांविषयी बोलणारा कोणी राहत नाही, असा हा पेच आहे.

आता १९७६ सालाकडे वळू. पश्चिम तीरावर निवडणूक घेताना इस्रायली अधिकाऱ्यांनी कायद्यात दुरुस्ती करून स्त्रियांना आणि मालमत्ता नसलेल्यांनाही मताचा हक्क दिला. मतदार वाढले म्हणजे नेमस्त मंडळी निवडून येतील, असा त्यांचा अंदाज होता. १२ एप्रिल रोजी मतदान झाले आणि अंदाज साफ चुकला. नाब्लुसला बस्साम शका, रामल्लाला करीम खलफ, हेब्रॉनला फहद कवास्मी असे मुक्तिसंघटनेस मानणारे राष्ट्रवादी पुढारी विजयी झाले. बेथलेहेमला तेवढे नेमस्त वृत्तीचे एलियास फ्रेज टिकून राहिले. लोकांनी नळ आणि दिवे यांसाठी मत दिले नव्हते असे नाही. पण त्याच चिठ्ठीवर त्यांनी आपले राष्ट्रीयत्वही नोंदविले होते. नगरपालिकेच्या निवडणुकीत याहून मोठा प्रश्न कसा दडलेला असतो, हे सीमाभागातील श्रोत्यांस मी काय सांगावे?

याची किंमत भारी पडली. १९८० च्या मे महिन्यात हेब्रॉनमध्ये सहा ज्यूंची हत्या झाली आणि लगोलग कवास्मी व हल्हूलचे अध्यक्ष महंमद मिल्हिम यांना हद्दपार करण्यात आले. २ जून रोजी ज्यू वसाहतवाद्यांच्या एका गुप्त टोळीने ठेवलेले बॉम्ब नगराध्यक्षांच्या मोटारींत फुटले. शका यांचे दोन्ही पाय गेले, खलफ यांचे पाऊल गेले. तिसऱ्या नगराध्यक्षाच्या घरचा बॉम्ब काढण्यास गेलेल्या इस्रायली दलातील एका तज्ज्ञाची दृष्टी गेली. १९८२ साली लष्कराने शका आणि खलफ यांना बडतर्फ केले. पुढे सरकारनियुक्त नगराध्यक्ष होणेही निर्धोक राहिले नाही. नाब्लुसचे पद स्वीकारणारे जाफिर अल-मसरी यांचा मार्च १९८६ मध्ये पॅलेस्टिनी जहालांनीच खून केला. लोकांनी निवडलेला नगराध्यक्ष परक्या सत्तेस नको आणि सत्तेने नेमलेला आपल्यांना नको, अशी ही कोंडी होती.

१९९३ च्या ओस्लो करारानंतर पॅलेस्टिनी प्राधिकरण स्थापन झाले आणि स्थानिक कारभाराचे स्वतंत्र खातेही निघाले. आता तरी निवडणुका होतील, अशी अपेक्षा होती. १९९६ साली कायदा झाला, पण स्वकीयांच्या सरकारनेही नगरपालिकांवर नेमणुकाच केल्या. निवडणुकीस डिसेंबर २००४ उजाडावा लागला, आणि टप्प्याटप्प्याने झालेली ती निवडणूक हेब्रॉन व गाझा या शहरांपर्यंत पोचलीच नाही. तरीही तिने बरेच बदलले. स्त्रियांसाठी जागा राखल्या गेल्या आणि जेनेट मिखाइल या रामल्लाच्या पहिल्या स्त्री नगराध्यक्ष झाल्या. अनेक ठिकाणी हमासचा विजय झाला. २००७ साली फतह आणि हमास यांच्यात उभी फूट पडली. त्यानंतर २०१२, २०१७ आणि २०२१-२२ च्या निवडणुका पश्चिम तीरापुरत्याच झाल्या. दरम्यान, २००६ नंतर संसदेची निवडणूक झालीच नव्हती. म्हणजे मत देण्याची सवय जिवंत राखली ती पुन्हा नगरपालिकेनेच.

या संस्थांचे हातही बांधलेले आहेत. पश्चिम तीराचा सुमारे ६० टक्के भाग ओस्लो करारान्वये इस्रायली नियंत्रणाखाली राहिला. तेथे विहीर खोदण्यास वा घर बांधण्यास इस्रायली परवाना लागतो. अनेक नगरपालिकांचे उत्पन्न वीज आणि पाणी विकण्यावर चालते, आणि वीज बहुतांशी इस्रायलकडूनच घ्यावी लागते. गाझात तर ऑक्टोबर २०२३ नंतरच्या युद्धात नळ, गटारे आणि नगरपालिकांच्या इमारतीही उद्ध्वस्त झाल्या.

श्रोतेहो, अधिकाराचे विकेंद्रीकरण म्हणजे वरची सत्ता खाली वाटून देणे, असा अर्थ आपण करतो. पॅलेस्टाइनमध्ये वाटून देण्याजोगी सत्ता वर नव्हतीच; जी काही होती ती खालीच जमली होती. म्हणूनच इंग्रज असोत वा इस्रायली, हद्दपारीची पाळी नगराध्यक्षावर आली. आणि म्हणूनच स्वकीय सरकारलाही निवडणुकीची घाई झाली नाही.

त्या विद्यार्थ्याला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिले, ‘‘बाळ, राज्य कोणाचेही असो, नगरपालिका जे तिला निवडतात त्यांची. म्हणून तर ती निवडू देण्यास इतके जण कचरतात.’’ तो खाली बसला. उत्तर पुरे होते की नाही, हे मात्र मला अजून ठरविता आलेले नाही. कारण निवडलेल्या माणसाचे पाय जेथे तोडले जातात, तेथे निवडणाऱ्यांच्या हाती काय उरते, हा त्याचा पुढचा प्रश्न असणार आणि तो त्याने अद्याप विचारलेला नाही.