क्षमायाचना आणि विवेक : १८९७ मधील एक प्रसंग

'भावनिक बुद्धिमत्ता' ही संज्ञा आपल्याकडे अलीकडे बरीच रूढ झाली आहे. १९९० साली पीटर सॅलोवे व जॉन मेयर ह्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तिची शास्त्रीय मांडणी केली आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या डॅनियल गोलमन यांच्या ग्रंथामुळे ती सर्वतोमुखी झाली. स्वतःच्या व दुसऱ्याच्या भावना ओळखणे, त्यांतील भेद जाणणे आणि त्या ज्ञानाचा विचारास व आचरणास मार्गदर्शक म्हणून उपयोग करणे, असा तिचा थोडक्यात आशय आहे. संज्ञा नवी असली तरी ती दाखवते ती वस्तू नवी नाही. 'मन आवरणे', 'मन ओळखणे', 'मन राखणे' हे मराठीतील जुने वाक्प्रचार हीच क्षेत्रे दर्शवितात. नव्या संज्ञेने केलेली भर एवढीच, की ह्या गोष्टी केवळ स्वभावाच्या नसून बुद्धीच्याही आहेत व म्हणून अभ्यासाने वाढविता येण्याजोग्या आहेत, असे तिने सुचविले. हा विचार ऐतिहासिक प्रसंगावर कसा उतरतो हे पाहण्यासाठी गोपाळ कृष्ण गोखले यांची १८९७ मधील क्षमायाचना येथे विचारार्थ घेतली आहे.

१८९६ च्या उत्तरार्धात मुंबईत प्लेगचा प्रादुर्भाव झाला व लवकरच तो पुण्यास पोहोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांसंबंधीचा कायदा मंजूर झाला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती काम करू लागली आणि घरोघरच्या झडत्यांसाठी गोऱ्या शिपायांच्या तुकड्या नेमण्यात आल्या. माजघर व देवघर यांची मर्यादा न पाळता चाललेल्या ह्या झडत्यांनी लोक किती दुखावले असतील, याची कल्पना करणे कठीण नाही. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाले. रँड ३ जुलैस मरण पावले.

गोखले त्या वेळी एकतीस वर्षांचे, फर्ग्युसन महाविद्यालयातील प्राध्यापक होते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडात गेले होते. पुण्याच्या मित्रांकडून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'च्या प्रतिनिधीस मुलाखत दिली. शिपायांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले व त्यांपैकी एकीने आत्महत्या केली, असा गंभीर आरोप तीत होता. मुंबई सरकारने तो नाकारला आणि पुराव्याची मागणी झाली. जुलैअखेर गोखले परत आले. मधल्या काळात, २७ जुलैस, टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली होती व पुण्यातील वातावरण भीतीने भरलेले होते. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणीही उघडपणे पुढे येऊन आरोप सिद्ध करण्याच्या स्थितीत नव्हता. गोखल्यांनी त्यांची नावे सांगितली नाहीत. ऑगस्टच्या प्रारंभी त्यांनी गव्हर्नर, प्लेग समितीचे सभासद व शिपाई या सर्वांची बिनशर्त क्षमा मागणारे निवेदन वृत्तपत्रांतून प्रसिद्ध केले.

ही क्षमायाचना अनेकांस भ्याडपणाची वाटली. गोखल्यांवर कठोर टीका झाली, व ती त्यांच्या मनास दीर्घकाळ सलत राहिली. तथापि प्रसंगाचे पृथक्करण केल्यास त्यात तीन निर्णय दिसतात. पहिला असा, की आपला संताप खरा होता म्हणून आपले विधानही सिद्ध झाले, असे त्यांनी मानले नाही. दुसरा असा, की चुकीचा भार त्यांनी पत्रलेखकांवर न टाकता स्वतःवर घेतला; ज्यांची नावे उघड झाली असती त्यांच्या भीतीची त्यांना जाणीव होती. तिसरा निर्णय पुढील आचरणात दिसतो. अपमानाने कडवट होऊन ते सार्वजनिक जीवनातून निघून गेले नाहीत. प्लेगची साथ पुण्यात पुन्हा आली तेव्हा स्वयंसेवक म्हणून लोकांत राहून त्यांनी काम केले.

येथे एक आक्षेप उपस्थित होतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आरोप सिद्ध न होणे व आरोप खोटा असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. मराठीत 'दिलगिरी' व 'माफी' हे दोन्ही शब्द फारसीच्या वाटेने आलेले. परंतु पहिल्याने खेद व्यक्त होतो, दुसऱ्याने अपराध मान्य केला जातो. गोखल्यांनी पुराव्याच्या अभावाबद्दल दिलगिरी व्यक्त करून थांबण्याऐवजी शिपायांचीही संपूर्ण माफी मागितली. त्यामुळे झडत्यांच्या काळात ज्यांनी खरोखर सोसले त्यांची तक्रारही दुबळी झाली नसेल काय? आपल्या चुकीबद्दलची तीव्र लाज हीसुद्धा एक भावनाच आहे, आणि तिच्या भरात मनुष्य न्याय्य मर्यादेपलीकडे नमतो. ह्या एका बाबतीत गोखल्यांचा तोल ढळला, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

परंतु त्या अनुभवाचे त्यांनी पुढे काय केले हे अधिक महत्त्वाचे आहे. १८९९ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून आले व नंतर केंद्रीय कायदेमंडळात गेले. तेथील त्यांची अर्थसंकल्पावरील भाषणे सरकारच्याच आकड्यांवर उभारलेली होती व म्हणून ती खोडून काढणे अवघड जाई. त्यांत उत्कटता नव्हती असे नाही. ती पुराव्याच्या शिस्तीत बसविलेली होती. १९०५ साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात नव्या सभासदांस अभ्यासाची दीर्घ उमेदवारी करावी लागे, यातही तीच दृष्टी दिसते.

भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे भावनांचा अभाव नव्हे, आणि गोड बोलून कार्यभाग साधण्याची युक्ती तर नव्हेच. संशोधन करणाऱ्यास तिचे मोल विशेष आहे. आवडत्या सिद्धान्तास आधार देणारे पत्र हाती येताच ते तपासून घेण्याइतका धीर, चूक आढळल्यास ती स्वनावाने मान्य करण्याचे धैर्य, आणि मान्य करताना चुकीच्या मापाहून अधिक न वाकण्याचा विवेक, हे तिन्ही गुण त्यात येतात. गोखल्यांस पहिला गुण विलंबाने लाभला, दुसरा त्यांनी पूर्णत्वाने दाखविला. तिसऱ्याचा अभ्यास त्यांच्या उदाहरणावरून आपणांस करता येतो.