कसबा पेठ : पुणे ज्या गावातून वाढलं, त्या गावाचं आज काय उरलंय?

सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे मेट्रोचा सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला. या टप्प्यावरच्या एका स्टेशनचं नाव आधी 'बुधवार पेठ' ठरलं होतं. नंतर ते 'कसबा पेठ' झालं.

पुण्यातल्या बऱ्याच पेठांना वारांची नावं आहेत, काहींना माणसांची. कसब्याला मात्र यातलं काहीच नाही, कारण कसबा ही मुद्दाम वसवलेली पेठ नाही. ते मूळचं गाव आहे आणि बाकीच्या पेठा त्याच्याभोवती वाढत गेल्या. त्यामुळे शहराच्या मधोमध असूनही कसब्याची रचना आजही एखाद्या जुन्या गावासारखी वाचता येते.

'कसबा' म्हणजे काय?

हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. परगण्याचं मुख्य गाव, जिथे बाजार भरतो आणि आजूबाजूच्या खेड्यांचा कारभार चालतो, ते कसबा. कसबा बावडा, कसबे सुकेणे ही गावांची नावंही अशीच पडली. जुन्या कागदपत्रांत पुण्याचा उल्लेख 'कसबे पुणे' असा येतो.

त्याआधीचे उल्लेख राष्ट्रकूटांच्या इ.स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत आहेत. तिथे 'पुण्य विषय' आणि 'पूनक विषय' असे शब्द येतात. 'विषय' म्हणजे कारभाराचा विभाग, आजच्या भाषेत साधारण जिल्हा.

आज विधानसभा मतदारसंघालाही कसबा पेठ हेच नाव आहे. पण तो मतदारसंघ पेठेपेक्षा बराच मोठा आहे.

एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला ओढा

कसब्याच्या एका बाजूला मुठा नदी आणि पूर्वेला नागझरी ओढा. या दोन्हींच्या मधल्या उंचवट्यावर वस्ती झाली. महाराष्ट्रातल्या गावात राहण्याच्या जागेला 'पांढरी' आणि शेतीच्या जमिनीला 'काळी' म्हणतात. कसबा ही पुण्याची पांढरी.

गावाभोवती कोट होता, त्याला वेशी होत्या. कोट गेला, पण 'कुंभारवेस' हे नाव टिकलं. गावाची हद्द सांगणारा 'गावकोस मारुती'ही आहे. नागझरीचा मात्र आता नाला झालाय.

नदीजवळ असण्याची किंमतही कसब्याने मोजली आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, तेव्हा नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. त्यात कसब्याचा नदीकडचा भागही होता.

उजाड गाव पुन्हा वसलं

१६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त केलं. त्यानंतर शहाजीराजांच्या जहागिरीतलं हे गाव जिजाबाई, बाल शिवाजी आणि दादोजी कोंडदेव यांच्या काळात पुन्हा वसलं. इथेच लाल महाल उभा राहिला. एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी शाहिस्तेखानावर छापा घातला तो याच वाड्यात. आज दिसणारा लाल महाल मात्र महापालिकेने १९८० च्या दशकात बांधलेला आहे.

१७३० मध्ये शेजारीच शनिवारवाड्याचं काम सुरू झालं आणि पुणे पेशव्यांच्या कारभाराचं केंद्र बनलं. त्याबरोबर कारागिरांना कामही मिळालं.

आळी म्हणजेच धंदा

कसब्याची अर्थव्यवस्था समजून घ्यायची तर आळ्यांची नावं वाचा. तांबट आळी, शिंपी आळी, कुंभारवाडा, कागदीपुरा. ज्याचा धंदा, त्याची आळी. कुंभारवाडा नदीजवळ आहे आणि गणपतीच्या दिवसांत इथला मूर्तींचा बाजार गजबजतो. कागदीपुऱ्यात हाताने कागद बनवणारे कारागीर राहत.

हातोड्याचा आवाज सगळ्यात जास्त टिकला तो तांबट आळीत. तांब्याचा पत्रा कापून, तापवून, ठोकून आकार दिला जातो. मग सगळ्या अंगावर एकसारखे ठोके देतात, त्याला 'मठारकाम' म्हणतात. ही फक्त नक्षी नाही. ठोक्यांनी धातू कडक होतो आणि भांडं मजबूत बनतं.

बंब, हंडे, घागरी, पातेली ही इथली ठरलेली कामं. घरोघरी स्टील आणि गिझर आले आणि मागणी आटली. अलीकडे तांब्याची पाण्याची भांडी, दिवे, शोभेच्या वस्तू यांमुळे थोडं काम परत आलंय.

गावाचा देव, शहराचा मान

कसबा गणपती हे पुण्याचं ग्रामदैवत. मंदिर जिजाबाईंनी बांधलं, अशी परंपरा सांगते. लग्नाची पहिली अक्षत आजही अनेक पुणेकर इथे ठेवतात. मानाच्या पाच गणपतींत कसबा पहिला. अनंत चतुर्दशीला महात्मा फुले मंडईपासून विसर्जन मिरवणूक निघते, तेव्हा सगळ्यात पुढे कसब्याची पालखी असते. थोरला आणि धाकटा शेख सल्ला हे जुने दर्गेही याच पेठेत आहेत.

मग आजचा प्रश्न काय?

शनिवारवाडा हे केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. दुरुस्तीसाठीही परवानगी घ्यावी लागते.

या टप्प्यात कसब्यातले अनेक जुने वाडे येतात. वाड्याचे मालक अनेक, भाडेकरूंचं भाडं जुनं आणि तुटपुंजं, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा हे ठरत नाही. दर पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. राहणाऱ्यांचं म्हणणं सरळ आहे : स्मारक जपा, पण आमच्या डोक्यावरचं छत पडायची वाट बघू नका.

१०० मीटरच्या बाहेर उलटी अडचण आहे. तिथे वाडे पाडून इमारती होतात. लोकांना पक्कं घर आणि लिफ्ट मिळते. पण भट्टी लावायला आणि हातोडा चालवायला अंगण राहत नाही. घर आणि कारखाना एकाच जागेत असणं हा आळीचा पाया होता. तो गेला की आळीचं फक्त नाव उरतं, जसं कोट गेल्यावर वेशीचं उरलं.

कसब्यात जाल तेव्हा शनिवारवाडा बघून परत फिरू नका. दहा मिनिटं चालत तांबट आळीत जा. दुपारच्या वेळी ठोके ऐकू आले, तर गाव अजून चालू आहे असं समजा.