निष्पादक

निष्पादक : मृत्युपत्रातील तरतुदी अमलात आणण्यासाठी मृत्युपत्रकर्त्याने नेमलेली व्यक्ती. व्यवहारात तिला एक्झिक्युटर किंवा मृत्युपत्राचा व्यवस्थापक असेही म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाच्या धातूचा अर्थ ‘शेवटपर्यंत अनुसरणे’ असा आहे. उत्तरकालीन रोमन विधीत न्यायालयाचे आदेश बजावणाऱ्या अधिकाऱ्यास ही संज्ञा होती. मृत्युपत्राची अंमलबजावणी मात्र त्यात नमूद केलेला वारसच करी. वारसाहून भिन्न असा निष्पादक मध्ययुगीन यूरोपात पुढे आला.

इंग्लंडमध्ये मृत्युपत्रे प्रमाणित करण्याचा अधिकार दीर्घकाळ धर्मन्यायालयांकडे होता. १८५७ च्या कायद्याने तो लौकिक न्यायालयाकडे आला. तेथे निष्पादकाचा संबंध प्रथम केवळ जंगम मालमत्तेशी येई; स्थावर मालमत्ता त्याच्याकडे निहित होण्याची तरतूद १८९७ मध्ये झाली.

भारतात मृत्युपत्र प्रमाणित करण्याचा अधिकार १७२६ च्या सनदेने मुंबई, मद्रास व कलकत्ता येथील मेयर न्यायालयांना मिळाला. प्राचीन हिंदू धर्मशास्त्रात आजच्या स्वरूपाचे मृत्युपत्र नव्हते. त्यामुळे निष्पादकाचे स्थानही ब्रिटिश अमदानीतच निश्चित झाले. १८६५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १८७० चा हिंदू मृत्युपत्र अधिनियम आणि १८८१ चा प्रोबेट व प्रशासन अधिनियम हे त्यातील टप्पे होत. या सर्वांचे एकत्रीकरण १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमात झाले.

या अधिनियमानुसार निष्पादकाची नेमणूक स्पष्ट शब्दांत किंवा अपरिहार्य अनुमानाने होऊ शकते. तो मृताचा वैध प्रतिनिधी असतो व मृताची मालमत्ता त्याच्याकडे निहित होते. मात्र ती उपभोगासाठी नव्हे, तर व्यवस्थेसाठी. अंत्यविधीचा खर्च व कर्जे भागविल्यानंतरच मृत्युपत्रित देणग्या द्यावयाच्या असतात. मृत्यूपासून एक वर्षापर्यंत त्या देण्याचे बंधन त्याच्यावर नसते. प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी व एका वर्षात हिशेब न्यायालयास सादर करावा लागतो. अज्ञान अथवा विकल मनाच्या व्यक्तीस प्रोबेट देता येत नाही. निष्पादक नेमलेला नसल्यास किंवा त्याने पद नाकारल्यास न्यायालय प्रशासक नेमते.

निष्पादक व प्रशासक यांतील मूलभूत भेद अधिकाराच्या उगमाचा आहे. प्रशासकाचा अधिकार न्यायालयीन आदेशातून, तर निष्पादकाचा मृत्युपत्रातून निर्माण होतो. प्रोबेट हा त्या अधिकाराचा अधिकृत पुरावा होय. तथापि मुंबई, मद्रास इ. ठिकाणच्या हिंदू व पारशी मृत्युपत्रांच्या बाबतीत प्रोबेटशिवाय निष्पादकास वा देणगीदारास न्यायालयात हक्क प्रस्थापित करता येत नसे. ही सक्ती करणारे २१३ वे कलम संसदेने २०२५ मध्ये वगळले. त्यामुळे वारसांचा खर्च व कालापव्यय टळू शकतो. परंतु बनावट मृत्युपत्राची आरंभीच होणारी न्यायालयीन छाननीही आता अनिवार्य राहिलेली नाही. नेमणारी व्यक्ती हयात नसताना तिची इच्छा पार पाडावयाची असल्याने निष्पादकाची सचोटी हाच या संस्थेचा मुख्य आधार ठरतो.