दोन वर्षांची विलायतवाली

आमच्या जांब्यात परदेशाचा विषय निघाल्यावाचून संध्याकाळ मावळत नाही. वास्तविक जांबे म्हणजे मुळशी तालुका. मुळशी म्हटलं की पूर्वी आंबेमोहोर आठवायचा, नाहीतर १९२१ सालचा सेनापती बापटांचा सत्याग्रह. गाव सोडायचं नाही म्हणून या तालुक्यातली माणसं तेव्हा तुरुंगात गेली होती. आता शेजारी हिंजवडी आहे. तिथं कामाला जाणारी मंडळी सकाळी ‘गुड मॉर्निंग’ घेऊन निघतात आणि रात्री, अमेरिका जागी झाली म्हणून, जेवणाचं ताट बाजूला सारून पुन्हा मशीनसमोर बसतात. अशा माणसाला कॅनडा जवळ आणि स्वारगेट लांब वाटू लागलं तर त्यात त्याचा काय दोष? स्वारगेट खरोखरच लांब आहे.

माझं एक निरीक्षण आहे. स्वतःसाठी परदेशी जाणारा माणूस मला अजून भेटायचाय. जो तो मुलासाठी जातो. आमच्या सोसायटीतले एक तरुण गृहस्थ चार वर्षांच्या चिरंजिवांसाठी ऑस्ट्रेलियाला जायचं म्हणतात. तिथली शाळा चांगली, हवा चांगली, रस्ते चांगले, माणसं रांगेत उभी राहतात. चिरंजिवांना विचारलं तर त्यांचं म्हणणं एवढंच आहे की, मला खाली सायकल घेऊन जाऊ द्या. पण त्यांना विचारतो कोण!

हे सगळं हल्लीच्या पिढीचं खूळ, असं आमचे निवृत्त कट्टेकरी म्हणतात. ते इतिहासाला धरून नाही. पुणे जिल्ह्यातून कडेवरचं मूल घेऊन, चांगल्या दिवसांच्या आशेनं विलायत गाठायचा उद्योग १८८३ साली होऊन गेला आहे. तोही एका विधवा बाईनं केला, आणि तिच्या पाठीशी कंपनी नव्हती, कर्ज देणारी बँक नव्हती, की ‘काही लागलं तर कळव’ म्हणणारा न्यू जर्सीतला मावसभाऊ नव्हता.

त्या काळी परदेशाचं वेड लागलेला पहिला माणूस म्हणून लोक गोपाळराव जोश्यांचं नाव घेतात. गोपाळराव पोस्टात कारकून. बायकोला शिकवायचं एवढ्या एका हट्टापायी त्यांनी अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता अशा बदल्या पत्करल्या. कोल्हापुरात असताना त्यांनी वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहिलं की, आम्हां उभयतांची अमेरिकेत काही सोय लागेल काय? वाइल्डरसाहेबांनी ते पत्र स्वतःच्या उत्तरासकट आपल्या मासिकात छापून मोकळे झाले. उत्तराचा मतलब असा की, आधी ख्रिस्ती व्हा. पुढं ते मासिक दाताच्या डॉक्टरकडे ताटकळत बसलेल्या कार्पेंटरबाईंच्या हाती पडलं आणि त्यातून आनंदीबाईंची अमेरिका उभी राहिली. दवाखान्यातली जुनी मासिकं कुणी टाकून देऊ नयेत, एवढं मात्र खरं. पण गोपाळराव आणि आनंदीबाई यांच्यावर कादंबरी झाली, नाटक झालं, सिनेमा झाला. शिवाय आनंदीबाई गेल्या त्या एकट्या. त्यांचं मूल दहा दिवसांत गेलं होतं, आणि डॉक्टर होण्याचा ध्यास तिथूनच धरलेला. माझा विषय कडेवर मूल असलेल्या बाईचा आहे.

ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. प्रवास त्यांना नवा नव्हता. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवण्याचा गुन्हा केलेला, आणि गंगामूळच्या रानात आश्रम थाटलेला. तो मोडला तेव्हा रमा सहा महिन्यांची होती. तिला वेताच्या मोठ्या पेटीत घालून, ती पेटी एका गड्याच्या डोक्यावर देऊन डोंगरावरून खाली आणलं. ही हकिकत रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवली आहे. पुढं सगळं आयुष्य तीर्थयात्रेत, तेही पायी. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. उरलेली दोघं भावंडं चालत चालत १८७८ साली कलकत्त्याला पोचली, तिथं पंडितांनी परीक्षा घेऊन या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ अशा दोन पदव्या दिल्या. मग भाऊ गेला. १८८० साली बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न, १८८१ च्या एप्रिलात मुलगी, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीनं नवरा गेला. दहा महिन्यांची मनोरमा तेवढी उरली. घरात तिला मनो म्हणत. ‘घरात’ म्हणजे आईच्या कडेवर, कारण दुसरं घर नव्हतं.

पुण्याला येऊन बाईंनी आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढं साक्ष देताना बायकांसाठी बाई-डॉक्टर हव्यात असं ठणकावलं, आणि मग त्या डॉक्टर आपणच का होऊ नये असा विचार केला. मिस हर्फर्ड यांच्याकडे इंग्रजीचे धडे सुरू झाले. प्रवासखर्चासाठी ‘स्त्रीधर्मनीती’ नावाचं पुस्तक लिहिलं आणि त्याच्या विक्रीतून विलायतेचं भाडं उभं केलं. मराठी पुस्तकाच्या विक्रीतून तिकीट! ही गोष्ट मी आमच्या लेखक मित्रांना सांगतो तेव्हा मनोची, मिशनची, कशाचीच चर्चा होत नाही. ते फक्त आवृत्ती किती प्रतींची होती असं विचारतात.

१८८३ साली व्हिसा नव्हता, पासपोर्टाची कटकट नव्हती, भाषेची परीक्षा नव्हती. तेव्हाची परीक्षा घरच्या बाजूनं होती. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला. शिवाय विधवा, शिवाय मुलगी बरोबर. आपण धर्म बदलणार नाही असं बाईंनी निघताना सांगितलं होतं. बरोबर आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. मुक्काम ऑक्सफर्डजवळच्या वॉन्टेजला, पुण्यात मिशन चालवणाऱ्या सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात. आणि सहा महिनेही झाले नसतील, तर २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी आणि अडीच वर्षांच्या मनोनं बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी भगतबाईंनी तिथं आपला जीव दिला. परक्या मुलखात आपल्याला बळजबरीनं बाटवतील या भीतीनं त्यांचं मन फिरलं होतं. परदेशाच्या गप्पांत आपण हवा-पाणी-शाळा सगळं बोलतो, पण अशा माणसांची गोष्ट कुणी काढत नाही.

इकडे पुण्यात गहजब झाला. बाईंच्या बाजूनं उघडपणे लिहिणाऱ्यांत जोतीराव फुले होते. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी ते केलं. तिकडे बाईंच्या कानांनी दगा दिला. बहिरेपण वाढत गेलं, डॉक्टरकी बारगळली. ज्या कामासाठी देश सोडला ते कामच संपलं, अशा वेळी माणूस काय करतो? आमच्याकडचे लोक अशा वेळी फोटो पाठवणं बंद करतात. रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवू लागल्या. तिथल्या मुख्य बाई डॉरोथिया बील जाणत्या होत्या. पुरुष विद्यार्थ्यांनाही बाईंनी शिकवावं अशी गोष्ट निघाली, तर मुंबई आणि लाहोर इथल्या बिशपांची हरकत आली! बाईंनी कळवलं ते असं की, माझ्या वडिलांनी आणि नवऱ्यानं पुरुषांना शिकवण्याला कधी हरकत घेतली नाही, ती आपल्याकडून यावी याचं नवल वाटतं. सनातनी पुण्यातून सुटून आलेल्या बाईला विलायतेत पुन्हा सनातनी भेटले, फक्त पगड्या निराळ्या होत्या.

खरा तंटा स्वयंपाकघरात होता. मठातल्या सिस्टर जेराल्डीन बाईंच्या धर्ममाता. बाई त्यांना पत्रात ‘आजीबाई’ म्हणत, यावरून जिव्हाळा कळतो. आणि आजीबाईंशी भांडावं तसं कडाडून भांडतही. रमाबाई ख्रिस्ती झाल्या तरी शाकाहारी राहिल्या. अंडं घातलेलं पुडिंग त्यांना चालेना. आजीबाईंच्या मते हा जातीचा गर्व. बाईंचं उत्तर असं की, शोधायचाच असेल तर तुम्ही माझा गर्व दुधातुपात, भातात आणि पायातल्या जोड्यांतही शोधा. पण एखादी इंग्रज बाई हिंदुस्थानात जाऊन आपल्याच पद्धतीनं जेवली तर तिला कुणी गर्विष्ठ म्हणेल काय? गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती, त्यावरूनही वाद. लॅटिन मला येत नाही, इथल्या बहुतेकींना येत नाही; मग संस्कृत का नको? मला हा सगळा पत्रव्यवहार फार आवडतो. आपल्याकडे कुणी धर्म बदलला की त्याचं सगळंच बदललं असं धरून चालतात. इथं बाईंनी देव बदलला आणि भाजी तीच ठेवली.

पण त्या पत्रांतलं मुख्य भांडण मनोवरून आहे. मुलीला काय शिकवायचं, कुणी शिकवायचं? मठातल्या भगिनींना वाटे, पोर आपल्या हाताखाली नीट वाढेल. आई तर चर्चच्या कितीतरी शिकवणुकीवर शंका काढणारी. मुलीच्या मनात कुठली मतं भरायची यावर रमाबाई अडून बसल्या: ती माझी मुलगी आहे. तिनं आपल्या माणसांतली एक व्हावं. त्यांच्यापेक्षा वरची किंवा त्यांना परकी होऊ नये, आणि हिंदुस्थानचं नाव निघालं की तिला लाज वाटू नये, अशा अर्थाचं त्यांनी बीलबाईंना लिहिलं. मूल बरोबर घेऊन परदेशी निघालेल्यांनी हे पत्र जरूर वाचावं. ‘मुलासाठी’ म्हणून आपण जातो, आणि तिथं पोचल्यावर मूल हळूहळू त्या देशाचं होऊ लागतं. ते किती होऊ द्यायचं हे ठरवायची पाळी येते. वॉन्टेजच्या मठात एका चार-पाच वर्षांच्या पोरीवरून हे सगळं आधीच भांडून झालेलं आहे.

१८८६ साली मायलेकी अमेरिकेला गेल्या. निमित्त आनंदीबाई जोश्यांच्या पदवीदानाचं. दोघी दूरच्या नात्यातल्या. ११ मार्चला फिलाडेल्फियात तो समारंभ झाला. बाई जायच्या होत्या थोड्या दिवसांसाठी, राहिल्या पावणेतीन वर्षं. व्याख्यानं देत हजारो मैल फिरल्या, इंग्रजीत ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ लिहिलं, आणि १८८७ साली बॉस्टनमध्ये त्यांच्या नावानं संस्था निघाली. हिंदुस्थानातल्या विधवांच्या शाळेला दहा वर्षं पैसे देण्याचं तिनं कबूल केलं. या धावपळीत मनोला मात्र पुन्हा इंग्लंडला, त्या आजीबाईंकडेच पाठवावं लागलं. ज्यांच्याशी मुलीवरून भांडायचं त्यांच्याच हवाली मुलगी करायची! पाळणाघराशी रोज तंटा करून रोज सकाळी तिथंच मूल सोडणाऱ्या आमच्या सोसायटीतल्या सुनांना यातलं दुःख मी सांगायला नको.

१८८९ च्या फेब्रुवारीत बाई जपानमार्गे मुंबईला परतल्या आणि ११ मार्चला चौपाटीवर शारदासदन उघडलं. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी होत्या, ज्या पुढं आनंदीबाई कर्वे झाल्या. त्याच वर्षी अमेरिकेवरचं मराठी पुस्तक निघालं. परदेश पाहून आलेला माणूस सहसा तिथल्या स्वच्छ रस्त्यांवर थांबतो; बाईंनी तिथल्या बायकांच्या चळवळी, तिथले वर्णभेद, सगळं मांडून ठेवलं. शाळा पुण्याला आली, धर्मांतराच्या संशयावरून १८९३ मध्ये लोकांनी मुली काढून नेल्या, ‘केसरी’नं झोडपलं. तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. बाई दौंड तालुक्यातल्या केडगावला गेल्या आणि तिथं ‘मुक्ती’ उभं केलं. आमच्या जांब्याहून म्हणजे जिल्ह्याचं अगदी दुसरं टोक. तिकडे जाताना पुणं पूर्ण ओलांडावं लागतं, आणि हल्ली पुणं ओलांडणं हा समुद्र ओलांडण्यापेक्षा कठीण प्रकार आहे.

मनोचं काय झालं? इंग्लंड-अमेरिकेत शिकून ती परत आली. तिथं राहून गेली असती तर कुणी नवल केलं नसतं. मनोरमाबाईंनी आईच्या शाळेचं काम अंगावर घेतलं, गुलबर्ग्याला १९१२ साली मुलींसाठी नवी शाळा काढली. १९२१ साली, चाळिसाव्या वर्षी, त्या वारल्या. रमाबाईंना लेकीचं जाणं पाहावं लागलं. पुढं त्या नऊ महिने होत्या; ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. बायबलाचं सोप्या मराठीतलं त्यांचं भाषांतर तेव्हा केडगावच्याच छापखान्यात चाललं होतं, आणि खिळे जुळवायला मुक्तीतल्याच बायका होत्या.