निसर्ग पर्यटन : खोल्या बांधण्यापूर्वी कोस्टा रिकाचा अनुभव पाहा

शेतावर, जंगलाकाठी किंवा किनाऱ्यावर पर्यटक आणून जोडउत्पन्न मिळवण्याचा विचार तुम्ही करत असाल, तर खोल्यांसाठी कर्ज काढण्यापूर्वी कोस्टा रिकाचे उदाहरण समजून घ्या. मध्य अमेरिकेतील हा उष्ण कटिबंधातील देश आकाराने महाराष्ट्राच्या जेमतेम सहाव्या हिश्शाएवढा. कॉफी, केळी आणि अननस ही तिथली निर्यातीची पिके. १९९० च्या दशकात मात्र पर्यटनातून येणारे परकीय चलन कॉफी आणि केळी या दोन्हींच्या पुढे गेले.

जंगल परत कसे आले?

गुरांच्या कुरणांसाठी स्वस्त कर्जे आणि अमेरिकेतली गोमांसाची मागणी यामुळे तिथे बेसुमार तोड झाली. १९८० च्या दशकात जंगल देशाच्या एक चतुर्थांशाच्या आसपास उरले होते. आज ते निम्म्याहून अधिक आहे. याचे सगळे श्रेय पर्यटनाला देण्याची पद्धत आहे, पण ते खरे नाही. गोमांसाचा भाव पडल्यावर अनेक कुरणे ओस पडली आणि तिथे झाडोरा आपोआप वाढला. पुढे १९९६ च्या वन कायद्याने जंगल काढून जमीन दुसऱ्या कामाला वापरण्यास बंदी घातली आणि १९९७ पासून जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला करार करून मोबदला मिळू लागला. हा पैसा मोठ्या प्रमाणात इंधनावरील करातून येतो. मोबदला बराच काळ हेक्टरी वर्षाला ६०-७० डॉलरच्या घरात राहिला. अननसाच्या उत्पन्नापुढे ही रक्कम काहीच नाही. म्हणून चांगल्या जमिनीत पीक आणि उतारावर, ओढ्याकाठी जंगल, अशी वाटणी शेतकऱ्याला परवडते.

माँतेव्हेर्देचे गाव

१९५१ मध्ये अमेरिकेतून आलेल्या क्वेकर पंथाच्या काही कुटुंबांनी डोंगरमाथ्यावर जमीन घेऊन दुग्धव्यवसाय सुरू केला आणि दोन वर्षांत चीजचा कारखाना काढला. जमिनीचा सुमारे एक तृतीयांश भाग त्यांनी तोडला नाही. कारण साधे होते : गावाचे पाणी त्या जंगलातून येत होते. १९७२ मध्ये तिथे राखीव जंगल झाले, आणि पर्यटक त्यानंतर वाढले. क्रम लक्षात घ्या. आधी दूध, पाणी आणि जंगल, पाहुणे शेवटी. गावचा रस्ता कित्येक वर्षे कच्चाच होता. तो डांबरी झाला तर लोक सकाळी येऊन संध्याकाळी परत जातील, मुक्काम करणार नाहीत, असे म्हणणारेही गावात होते. आपल्याकडे सभेत कोणी असे बोलले तर त्याला खाली बसवतील! पण हिशेब चुकीचा नव्हता. मुक्कामाचा पाहुणा जेवतो, दूध-भाजी घेतो, वाटाड्या घेतो. दिवसाचा पाहुणा गाडी लावतो आणि कचरा टाकून जातो.

जिथे बिघडले

पाण्याचा प्रश्न सर्वांत गंभीर. ग्वानाकास्ते हा तिथला कोरडा प्रांत. किनाऱ्यावरील पर्यटन वसाहतींसाठी सार्दिनाल गावच्या भूजलातून जलवाहिनी टाकायला निघाले, तेव्हा २००८ मध्ये गावकरी रस्त्यावर उतरले. तिथला पर्यटन हंगाम डिसेंबर ते एप्रिल, म्हणजे नेमका कोरड्या दिवसांचा. आपल्याकडेही तेच होते. मे महिन्याच्या सुट्टीत पाहुणे येतात आणि विहीर तळाला गेलेली असते. त्या महिन्यात घर, गुरे आणि बाग भागवून किती पाणी उरते, ते मोजा आणि त्यावरून खोल्यांची संख्या ठरवा.

दुसरा प्रश्न गर्दीचा. ओस्तिओनाल किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे हजारोंनी अंडी घालायला येतात. सप्टेंबर २०१५ मध्ये पाहणाऱ्यांची एवढी झुंबड उडाली की काही कासवे अंडी न घालताच परत फिरली. त्याउलट तोर्तुगेरो येथे रात्री कासवे पाहायची तर प्रशिक्षित वाटाड्या सोबत घ्यावाच लागतो. हे काम गावातल्या लोकांना मिळते आणि कासवांवरही नजर राहते. ऑलिव्ह रिडले कासवे रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासलाही येतात. तिथेही पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, त्यामुळे पैसा घराघरांत पोहोचतो.

तिसरी गोष्ट २०२० ची. मार्चमध्ये सीमा बंद झाल्या आणि परदेशी पाहुणा काही महिने आलाच नाही. म्हणून शेती बंद करून पर्यटनावर येऊ नका. खोलीच्या कर्जाचा हप्ता एक हंगाम रिकामा गेला तरी दूध किंवा पिकातून भरता येईल, एवढेच कर्ज घ्या.

विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यासोबत आधी शिवारफेरी करावी : पाण्याचा स्रोत, सांडपाण्याचा उतार विहिरीकडे आहे का, वणव्याचा धोका, शेजाऱ्यांची वाट. शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला घेऊ देऊ नये. महाराष्ट्रात २०२० पासून कृषी पर्यटन धोरण लागू असून नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. सध्याच्या अटी आणि शुल्क तिथून विचारून घ्या आणि नोंदणी झाल्यावरच बुकिंग घेणे सुरू करा.