गाविलगडची तोफ आणि गोठ्यावरचा पत्रा

वलगावला पेढी नदी ओलांडून परतवाड्याचा रस्ता धरला की पुढे चिखलदऱ्याचा घाट लागतो आणि गाविलगड जवळ येतो. वलगावच्या शाळकरी मुलांबरोबर आम्ही हा गड पाहायला गेलो होतो. उघड्यावर पडलेल्या एका लोखंडी तोफेजवळ एका मुलीने विचारले, ‘‘सर, आमच्या गोठ्यावरचा पत्रा दहा-बारा वर्षांत चाळणी झाला. मग ही तोफ एवढे पावसाळे कशी टिकली?’’ बरोबरच्या एका गृहस्थांनी लगेच सांगून टाकले, ‘‘पंचधातूची आहे ना ती!’’

किल्ल्याकिल्ल्यांवर ऐकू येणारे हे उत्तर इथे चुकीचे होते. मुलीचा प्रश्न मात्र बिनतोड होता.

गाविलगड 1425 साली बहमनी सुलतान अहमदशहा वलीने बांधला आणि डिसेंबर 1803 मध्ये तो इंग्रजांनी घेतला. मधल्या काळात दख्खनमध्ये तोफांचे युग आले आणि गेले. तोफ कशाची करावी, या प्रश्नाला तेव्हा दोन उत्तरे होती. पहिले कांसे, म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. तो 1000 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, म्हणून साच्यात ओतता येतो. विजापूरची ‘मलिक-ए-मैदान’ ही अशीच ओतीव तोफ 1549 साली अहमदनगरला तयार झाली. कांशावर हिरवट-काळा थर चढतो आणि तोच आतल्या धातूला राखतो. पण तांबे महाग, कथील त्याहून दुर्मिळ.

दुसरे उत्तर लोखंड. ते स्वस्त, पण शुद्ध लोखंड वितळायला 1538 अंश लागतात. आपल्या कोळशाच्या भट्ट्यांतून ते लगद्यासारखे निघे. म्हणून लोहारांनी तोफ ओतली नाही, घडवली. लांब पट्ट्या नळीसारख्या उभ्या जुळवायच्या आणि त्यांवर लाल तापलेली कडी एकापुढे एक चढवायची. कडी निवली की आकसते आणि घट्ट आवळते. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता मुलीच्या प्रश्नाकडे वळू. समजा, दर वर्षी उघड्या पृष्ठभागावरून 0.02 मिलिमीटर लोखंड गंजते. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा, त्यावरचे जस्त उडून गेल्यावर, दोन्ही बाजूंनी गंजत साडेबारा वर्षांत संपेल. त्याच वेगाने तीनशे वर्षांत तोफेचे फक्त 6 मिलिमीटर जातील. वीतभर जाडीच्या तोफेला त्याचे काय? अर्धे कोडे या त्रैराशिकातच सुटते.

उरलेले अर्धे रसायनात आहे. कोळशावर गाळलेल्या जुन्या लोखंडात फॉस्फरस जास्त राहत असे. दिल्लीच्या सुमारे 1600 वर्षे जुन्या लोहस्तंभात तो 0.25 टक्क्यांच्या आसपास आहे. कानपूरच्या आय.आय.टी.तील प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी त्या स्तंभाचा आणि भारतीय तोफांचाही अभ्यास केला. फॉस्फरसमुळे स्तंभावर फॉस्फेटचा पातळ, चिवट थर तयार होतो आणि गंजण्याचा वेग मंदावतो, असे त्यांनी दाखवले.

बंदुकीचा खरा शत्रू मात्र नळीच्या आत असतो. काळी दारू जळल्यावर उरणारे क्षार हवेतले पाणी ओढतात. म्हणूनच बार झाल्यावर नळी पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावण्याची शिस्त आली. बाहेरून नळीवर मुद्दाम गंज चढवून, तो उकळत्या पाण्यात काळ्या, घट्ट ऑक्साइडमध्ये बदलण्याची युक्तीही बंदूक बनवणाऱ्यांनी शोधली. 1912 साली शेफिल्डच्या हॅरी ब्रेअर्ली यांच्याकडे बंदुकीच्या नळ्या लवकर झिजतात, ही तक्रार आली. उपाय शोधताना 1913 मध्ये त्यांनी सुमारे 12.8 टक्के क्रोमियमचे पोलाद तयार केले. त्यातून आधी सुऱ्या निघाल्या आणि पुढे आपल्या घरातली स्टीलची भांडी आली. आज हौशी नेमबाज स्टेनलेसची नळी निवडतात, तर अनेक सैनिकी बंदुकांवर फॉस्फेटचाच थर देतात.

कांसे असो, लोखंड असो की स्टेनलेस, धातूला तारतो तो त्याच्या अंगावरचा थर. अलीकडे गडावर स्वच्छतेसाठी जाणारी मंडळी प्रेमापोटी तारेच्या ब्रशने तोफा घासून चकचकीत करतात. त्यात शतकांनी घातलेले चिलखत एका दुपारी उतरते आणि गंज नव्याने सुरू होतो. झाडलोट जरूर करावी, पण तोफेला हात लावण्याआधी पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांना विचारावे.

वर्गात तीन खिळे घ्या. एक कोरडा ठेवा, दुसरा साध्या पाण्यात, तिसरा मिठाच्या पाण्यात. आठवड्याने काय दिसते, ते मुलांनाच लिहू द्या. सहलीला जाण्याआधी हा प्रयोग झाला, तर तोफेवर नाव कोरायला निघालेला एखादा हात तरी थांबेल.